कोपऱ्यातला पी

"…मग माझ्या मनगटावर कधी बांधणार, चाचा?"

प्रश्न जुनाच होता. यशोधन खोत गेली चार वर्षं दर सुट्टीला तो विचारत आला होता. आज फक्त आवाज जरा चढला होता.

हमीदचाचा परकार स्टुलावर जरा सरकून बसले.

सारंगे बंदराच्या पेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहावं. कालच तालुक्याला त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. त्या डोळ्यावर हिरवं कापड, आणि डाव्याला आधीपासूनच धूसर दिसायचं. डॉक्टरांनी आठ दिवस पडून राहायला सांगितलं. हे आज अकराच्या एसटीनं उतरले ते सरळ दुकानात येऊन स्टुलावर बसले. असा हट्टी म्हातारा!

आल्या आल्या एकच विचारलं होतं.

"हिरा कालवं काढायला खडपावर गेली?"

"गेली साडेनऊला."

"तिच्या घड्याळाचा गजर?"

"लावून दिला. पाऊणचा. तुम्ही कागदावर लिहून ठेवला होतात तसाच."

"झालं तर मग," म्हणून चाचांनी पाय लांब केले होते.

आता हे मनगटावर बांधणं म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. चाचांच्या घराण्यात प्रमाणपत्र वगैरे भानगड नाही. शागीर्द तयार झाला, असं उस्तादाला वाटलं की तो आपल्या मनगटावरचं घड्याळ उतरवतो आणि त्याच्या मनगटावर बांधतो. बस्स. त्या दिवसापासून शागिर्दानं उस्तादाच्या नावाची पाटी लावावी आणि खुशाल लोकांची घड्याळं उघडावीत.

यशोधननं या दुकानात चार वर्षं काढली होती. पुढची चार पुण्यात, एका परदेशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. पांढरा कोट, काचेची खोली, लाखालाखाची घड्याळं. आता त्याला स्वतःचं दुकान टाकायचं होतं. जागा बघून झाली होती, पाटी मनातल्या मनात रंगवून झाली होती. पण बिनबांधल्या मनगटानं उस्तादाचं नाव लावायचं, तर जीव धजत नव्हता. सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

"हाताला काय कमी आहे माझ्या? सांगा ना. सकाळी डॉक्टर सामंतांचं चावीचं घड्याळ उघडलं. आतली स्प्रिंग केसाएवढी. पार वाकलेली. वीस मिनिटांत सरळ केली मी. पुण्यातसुद्धा हे काम माझ्याशिवाय कुणाला जमत नाही."

"छान."

"नुसतं छान?"

"फार छान."

यशोधनचा जीव चडफडला. त्याची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. तिथे कापसाच्या गादीवर चाचांच्या उस्तादांनी त्यांना बांधलेलं चावीचं घड्याळ होतं, सोन्याच्या आवरणाचं. चाचा रोज सकाळी त्याला चावी द्यायचे आणि परत ठेवून द्यायचे. आठ वर्षं यशोधन त्या घड्याळावर डोळा ठेवून होता. बांधतील तर हेच, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आणि चाचांच्या मनगटावर काय होतं? काळं. प्लास्टिकचं. आकड्यांचं. पट्टा एका ठिकाणी तुटलेला आणि मासेमारीच्या दोऱ्यानं शिवलेला.

"चाचा, राग मानू नका. पण हे काय घालता तुम्ही? एवढे मोठे उस्ताद, आणि हातात जत्रेतलं खेळणं! लोक हसतील."

"हसतात."

"मग?"

"हसू देत. तुझं दिवसाला किती चुकतं?"

यशोधननं अभिमानानं बाही मागे केली. साठ वर्षांचं जुनं परदेशी घड्याळ. भंगारात मिळालेलं, त्यानं स्वतःच्या हातांनी जिवंत केलेलं.

"फक्त आठ सेकंद."

"हे महिन्याला पंधरा."

…

हिशेब करायचा नव्हता, तरी यशोधनच्या डोक्यात झालाच. आठ तिसा दोनशे चाळीस. आणि इकडे पंधरा. त्याचे कान तापले.

"अहो, त्यात कसली कारागिरी? स्फटिकाचा एक तुकडा आणि एक सेल. माणसाचा हात कुठे आहे त्यात?"

"कुठेच नाही."

"मग कशाला कौतुक?"

"पाण्यात जातं. होडीत आपटतं. मासळीच्या खवल्यांत दिवसभर लोळतं. चार-पाच वर्षं त्याच्याकडे बघावं लागत नाही." चाचा थांबले. "टोपलीभर कालवांच्या पैशात येतं, बाबा. बुडालं तर दुसऱ्या टोपलीत दुसरं. तुझं बुडालं तर?"

यशोधननं नकळत बाही खाली ओढली.

भिंतीवर खिळ्याखिळ्याला तसलीच घड्याळं टांगलेली होती. पांढऱ्या तबकडीची, ठसठशीत काट्यांची. काळी, चौकोनी, आकड्यांची. खपायचीही तीच. यशोधननं भिंतीकडे बघून नाक मुरडलं.

"त्यातही दोन जाती! हे काट्यांचं कुणाला, ते आकड्यांचं कुणाला?"

"किती वेळ उरला ते ज्याला बघायचंय, त्याला काटे. शाळेतल्या बाई नेतात, एसटीचे ड्रायव्हर नेतात. नुसतं किती वाजले तेवढंच हवं असेल, त्याला आकडे."

"आणि तुमच्या हिराक्काला?"

"तिला दोन्ही नकोत. तिला गजर."

चाचांनी हे म्हटलं आणि त्यांच्याच मनगटावर पिक्‌पिक् सुरू झालं.

यशोधन दचकला.

"हे कसं वाजलं? डोळ्याला पट्टी, लावलं कुणी?"

"एसटीत लावलं. बोटांना पाठ आहे. कुठलं बटण किती वेळा."

चाचा उठले. भिंत चाचपत दारात जाऊन उभे राहिले.

हे यशोधननं शागिर्दीच्या दिवसांत रोज पाहिलं होतं. रोज वेगळ्या वेळेला. समोर कलेक्टरचं घड्याळ उघडं पडलेलं असो, चिमटा खाली ठेवायचा आणि दारात जायचं. पाच-दहा मिनिटांनी परत यायचं. म्हातारा विडी ओढायला जातो, अशी यशोधनची पक्की समजूत होती.

"मला काही दिसत नाही," चाचा म्हणाले. "तू ये. बघ, हिरा चर ओलांडतेय का?"

दारातून समुद्र सरळ दिसायचा. किनारा, मग एक चर, म्हणजे ओहोटीला रिकामी होणारी खोलगट वाट, आणि चराच्या पलीकडे काळं खडप, नुसता खडकांचा पट्टा. त्या खडपावर हिरा साबळे कालवं फोडायची. ही बाई देशावरची, माणदेशातली. नवरा रस्त्याच्या कामावर इकडे आला आणि तापानं गेला. ही मागे राहिली ती राहिलीच. समुद्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते ती स्वतःच सांगायची.

त्या खडपाची खोडच वाईट. भरतीचं पाणी समोरून दिसायच्या आत पाठीमागच्या चरात गुपचूप भरतं. चर भरला की माणूस अडकला. तासाभरात मग खडपही पाण्याखाली. भरतीची वेळ रोज पन्नासएक मिनिटं पुढे सरकते, म्हणून रोज सकाळी चाचा हिशेब करून हिराच्या घड्याळात गजर लावायचे. चर भरायच्या अर्धा तास आधीचा. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं.

"दिसली का?"

"दिसली. खाली वाकलीय."

"चरात?"

"नाही… खडपावरच. कालवं काढतेय."

"उठली नाही?"

"नाही."

चाचांचा चेहरा खर्रकन उतरला.

"गजर झाल्यावर हिरा एक कालव जास्त काढत नाही. सकाळी काय केलंस त्या घड्याळाचं?"

"काही नाही. सेल संपला होता, तेवढा बदलून दिला."

"सेल?"

"त्यात काय सांगायचं, चाचा? दोन मिनिटांचं काम. वेळ बरोबर लावली, गजर बरोबर लावला…"

"सेल काढला की सगळं पुसलं जातं. घड्याळ बारावर येतं. रात्रीच्या बारावर." चाचांनी त्याचा दंड धरला. म्हाताऱ्याच्या बोटांत इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. "गजर पाऊणवर नेलास, तेव्हा कोपऱ्यात पी आला होता?"

"कोपऱ्यात?"

"इंग्रजी पी. बारीकसा. दुपारचा!"

…

यशोधनची हयात काट्यांत गेलेली. काट्यांना दिवस नाही, रात्र नाही. पाऊण म्हणजे पाऊण. त्यानं आकडे बघितले होते, आणि तेही नाक मुरडून. कोपरा कोण बघतो? पण आता डोळे मिटल्याबरोबर तो कोपरा स्वच्छ दिसला. त्यात ए होता.

घड्याळ वाजणार होतं. एका सेकंदाचीही चूक न करता वाजणार होतं. मध्यरात्री.

त्यानं डोळे उघडले.

"चाचा… ए होता."

"या अल्ला!"

आणि मग ते ओरडले. आठ वर्षांत यशोधननं त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"बघतोस काय? धाव!"

*

यशोधन धावला. चप्पल कुठे राहिली, वाळू कधी संपली, काही कळलं नाही. होड्या सगळ्या बाहेर गेलेल्या. किनाऱ्यावर कुणी म्हणजे कुणी नाही. चरात पाय घातला तर पाणी मांडीला. चार पावलांत कमरेला. मधोमध पोचला तेव्हा छातीशी आलं होतं, आणि ओढ अशी की पाय ठरेना.

डावा हात त्यानं वर धरला होता. घड्याळ भिजू नये म्हणून. माणसाच्या सवयी मेल्या कशा असतात बघा.

"हिराक्का! चला! पाणी भरलं!"

हिरानं मान वर केली. त्याच्याकडे बघितलं. मागच्या चराकडे बघितलं. मग मनगटाकडे बघितलं.

आणि परत वाकून कालवं काढायला लागली.

यशोधन थिजलाच. खडपावर चढून तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. धाप लागलेली.

"अहो… दिसत नाही का? चर भरला!"

"दिसतंय की. आज पानी जरा लौकर आलंय."

"लवकर?"

"मग? घड्याळ कुठं वाजलंय अजून?"

ती हे इतकं साधेपणानं म्हणाली की त्याच्या अंगावर काटा आला. बाईच्या पाठीमागे समुद्र भरत होता, आणि ही समुद्रालाच चूक ठरवत होती.

"दर्याचं काय, त्यो लहरी," हिरा म्हणाली. "ह्ये न्हाई. नऊ वर्सांत येकदा बी चुकलं न्हाई. वाजलं की निघतेच मी."

"अहो, घड्याळ बिघडलंय!"

बोलून गेला खरा. सोपं होतं ते बोलायला.

"बिघडलंय?" हिरानं मनगट त्याच्या नाकासमोर धरलं. तिला अक्षर येत नव्हतं, आकडे ओळखता यायचे. "येक वाजून चार. तुमचं किती?"

यशोधननं आपलं घड्याळ बघितलं.

एक वाजून चार.

"त्येच की!" हिरा म्हणाली. "मग बिघडलं कसं?"

…

एक लाट खडपावर चढली आणि टोपलीखालून निघून गेली.

लाखालाखाची घड्याळं उघडणारा माणूस, पण एवढं वाक्य त्याला कधी कुणापुढे म्हणावं लागलं नव्हतं.

"घड्याळ बरोबर आहे, हिराक्का. मी चुकलो. गजर मी रात्रीचा लावला. ते आता वाजणारच नाही."

"चाचांनी न्हाई लावला?"

"नाही. चाचा कालपासून दवाखान्यात होते. सकाळी सेल मी बदलला, गजर मी लावला. मीच."

हिराच्या हातातला लोखंडी टोचा खाली पडला. ती वळली, आणि मघापासून दिसत होतं ते पाणी तिला आत्ता कुठे दिसलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"आगं आई गं… मला पवता येत न्हाई!"

"माझा हात धरा. टोपली राहू द्या."

"माझी कालवं…"

"राहू द्या म्हणतो ना!"

उजव्या हातानं त्यानं तिला धरलं आणि दोघं चरात उतरली. पाणी तिच्या गळ्याशी आलं, मग हनुवटीशी. यशोधनचा डावा हात अजून वरच होता. मधोमध तिचा पाय घसरला आणि ती दिसेनाशी झाली. एक क्षण, फार तर दोन.

डावा हात खाली आला.

दोन्ही हातांनी त्यानं तिला वर काढलं, खांद्याशी घट्ट धरलं आणि ओढत, ठेचकाळत, खारं पाणी गिळत पलीकडे आणलं.

किनाऱ्यापाशी चाचा गुडघाभर पाण्यात उभे होते. पेठेतून इथवर चाचपडत कसे आले, त्यांचं त्यांना ठाऊक. दोन्ही हात पुढे केलेले.

"कोण? कोण आलं? किती जण आलात?"

"दोघं, चाचा."

"दोघं?"

"दोघं. आणली."

चाचा मट्‌कन ओल्या वाळूत बसले. हिरव्या कापडाखालून पाणी ओघळायला लागलं. डोळ्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये, असं डॉक्टरांनी दहा वेळा बजावलं होतं.

समोर खडपाचा काळा पट्टा बारीक होत गेला, आणि बघता बघता टोपली तरंगत निघाली.

हिरा पदर पिळत उठली. नुकतंच मरण बघून आलेली बाई, पण पोट काय कुणाला सोडतं? तिनं मनगट पुढे केलं.

"चाचा, उद्याचा गजर लावा."

"मला दिसत नाही, हिरा. हा लावील."

यशोधनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी?"

"तूच."

"चाचा, आत्ता ही बाई माझ्यामुळे… माझ्याच्यानं नाही होणार."

"एक पस्तीस," चाचा म्हणाले.

हिरा मनगट पुढे करून तशीच उभी. मागे घेईना. शिवी दिली असती तरी यशोधनला बरं वाटलं असतं.

ज्या बोटांनी सकाळी केसाएवढी स्प्रिंग सरळ केली होती, ती बोटं आता प्लास्टिकचं एक बटण जपून जपून दाबत होती. आकडे पुढे सरकले. रात्रीचे बारा गेले, पहाट गेली, सकाळ गेली. दुपारच्या बाराला कोपऱ्यात काहीतरी बारीक उमटलं.

"एक पस्तीस," तो म्हणाला. "कोपऱ्यात… पी."

"परत बघ."

"पी."

"तिला दाखव."

त्यानं हिराला ती खूण दाखवली. वरती गोल, खाली काठी. ती दिसली तरच खडपावर जायचं, नाही दिसली तर परत दुकानात यायचं. हिरानं ते अक्षर नीट निरखलं.

"पळीवानी दिसतंय," ती म्हणाली, आणि ओल्या लुगड्यानं निघून गेली.

यशोधननं आपल्या मनगटाकडे बघितलं. काचेखाली पाणी शिरलं होतं आणि सेकंदाचा काटा एका जागी थांबला होता. एरवी त्याचा जीव कासावीस झाला असता. आज त्यानं घड्याळ सोडलं आणि खिशात टाकलं. मनगटावर नुसता ऊन न लागलेला गोरा पट्टा राहिला.

"चाचा, ते बांधायचं… मी परत नाही विचारणार."

चाचांनी आपल्या मनगटावरचं काळं घड्याळ सोडलं. यशोधनचा हात चाचपून धरला. गोऱ्या पट्ट्यावर ते ठेवलं आणि दोऱ्यानं शिवलेला पट्टा ओढून बक्कल लावलं.

यशोधननं हात मागे घ्यायला बघितला.

"हे… हे काय करताय? आज? चाचा, आज मी तिला मारली असती!"

"हो."

"आणि आजच बांधताय?"

चाचांनी बक्कल एकदा ओढून बघितलं, घट्ट बसलंय ना. "आता तू कोपरा बघशील."

यशोधन त्या आकड्यांकडे बघत राहिला. सेकंद मुकाट पुढे चालले होते. पेठेतलं दार, दारात रोज वेगळ्या वेळेला उभा राहणारा म्हातारा, त्यानं कधीही न ओढलेली विडी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"एक विचारू, चाचा?"

"विचार."

"हे तर कधीच चुकत नाही. मग नऊ वर्षं तुम्ही रोज दारात का उभे राहत होतात?"

चाचांनी समुद्राकडे तोंड केलं. दिसत तर काहीच नव्हतं.

"चुकत नाही, म्हणूनच."